तापून बंद पडणारा कॉम्प्युटर भंगारात काढू नका

सांगलीत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय: 'जुना कॉम्प्युटर तापून बंद पडला की मदरबोर्ड गेला समजा, दुरुस्तीत पैसे घालू नका.' हे चुकीचं आहे. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ पोचला की आधी वेग कमी करतो, तरी तापला तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं.

मार्केट यार्डाजवळच्या एका घरातला पीसी परवा मी उघडला. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांत धुळीचं नमद्यासारखं जाड आवरण, तेही हळदीने पिवळसर! वारा जाणार कुठून? प्लग काढून, पंखा बोटाने धरून (फिरू दिला तर बेअरिंग बिघडतं) ब्लोअरने धूळ उडवली. हीटसिंकखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, वाळून चुन्यासारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, तापमान दिसतं, तिथे फरक लगेच कळला.

मशीन थंड असतानाही बंद पडत असेल, तर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या. आणि त्याच मेसेजमधला कॅबिनेटवर ओलं फडकं ठेवायचा सल्ला कृपा करून कुणीही पाळू नका. शॉक बसू शकतो.