३१२

मला सध्या वाडीत नावाने कोणी हाक मारत नाही. काल कुडाळ स्टेशनाकडे जाताना रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "तीनशे बारावाले तुमीच मां?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने मात्र मान हलवून, आजाऱ्याला न्यावं तशी रिक्षा खड्ड्यांतून हळू घेतली.

गणपतीला गावी येताना डॉक्टरांशी तह झाला होता. दिवसाला एक मोदक, जेवणानंतर चालणं आणि वेळेवर झोप. झोप भजनवाल्यांनी पहिल्याच रात्री खाल्ली. चालणं आपोआपच होतं, कारण आरत्यांसाठी या घरातून त्या घरात चिखल तुडवत जावंच लागतं. राहिला तो एक मोदक. सकाळपासून खिरीला नाही, पातोळ्यांना नाही, "देवाचो परसाद तो, तेका नाय म्हणतंस?" विचारणाऱ्या काक्यांनाही नाही. निम्मी भावकी दुखावून मी तो मोदक राखून ठेवला होता, थोरल्या वैनींच्या हातचा खायला. वैनींची पारी इतकी पातळ की आतलं चून बाहेरून दिसतं.

आणि तिथे आप्पा होते.

आप्पा निवृत्त कंपाउंडर. सदऱ्याच्या एका खिशात तपकिरीची डबी, दुसऱ्यात साखर मोजायचं मशीन, मुलाने मुंबईहून आणून दिलेलं. घरोघरी आरती संपून मंत्रपुष्पांजली झाली की आप्पा प्रसादाच्या ताटाशेजारी बैठक मारतात आणि हात पुढे करतात. लोकांना वाटतं तीर्थ मागतायत. ते बोट मागतात.

"बोट हाड."

"आप्पा, आत्ता नको. मी आत्ताच प्रसादाची केळी सोलली, गूळ फोडला. हात धुऊन येतो."

"माका शिकवतंस? तुज्या बापाशीक इंजेक्शना मियांच दिलंय." एवढं म्हणून त्यांनी माझं बोट स्वतःच्या उपरण्याला पुसलं, त्याच उपरण्याला जे दुपारभर पंगतीत फिरलं होतं, आणि वर माटवीला टांगलेल्या तवशाकडे बघत टोचलं. मशीन पाच सेकंद विचार करतं. तेवढ्यात आख्खी खोली श्वास धरून.

"तीनशे बारा!" आप्पा ओरडले. 'बाप्पा मोरया'लासुद्धा त्यांचा एवढा आवाज लागला नव्हता. "ह्येका मोदक देव नकात कोणी!"

बोटाला फळाचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर मशीन रक्ताबरोबर तोही मोजतं. म्हणून साबणाने हात धुऊन, कोरडे करून मग टोचायचं असतं. हे मी सांगितलं. मागून एक काका म्हणाले, "मशीन खोटा बोलणा नाय." मी म्हटलं, धुतलेल्या बोटाने परत मोजा. आप्पा म्हणाले, पट्टी फुकट येत नाही. खोलीतली पोरं ३१२ला ३१२ने गुणायला लागली होती.

ताट माझ्यासमोरून गेलं. माझा मोदक डोंबिवलीच्या भाच्याने खाल्ला, वर तूप ओतून, मोबाइलकडे बघत. शेजारच्या काकांना आप्पांनी दोन वाढायला लावले, कारण "मोदकात गूळ आसता, साखर खंय आसता?" गुळानेही साखर चढते हे मी तेव्हा बोललो नाही. त्या घटकेला माझं ऐकलं कोणी असतं? साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, कारण साखर तांबड्या पेशींना चिकटते आणि त्या साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे गणपतीत खाल्लेलं दिवाळी उलटली तरी साक्ष द्यायला रक्तात हजर. मी तर न खाल्लेल्याचीच शिक्षा भोगत होतो. मुंबईच्या मावशीचा फोन रात्रीच आला. रडत होती.

पण माझा खरा राग यावर नाही. आप्पांच्या पुढे रांग लागली, सगळे बाप्ये. कोणाची १४०, कोणाची १९०, प्रत्येक आकड्याला हशा. तेवढ्यात वैनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. पहाटेपासून चुलीपुढे उभ्या. पुरुषांची पंगत, पोरांची पंगत, मग पाहुणे, मग कोणी उशिरा आलेले, आणि साडेतीनला बायका जेवायला बसल्या. वैनी साखर उतरवायची गोळी घेतात. गोळी सकाळी घेतलेली आणि जेवण असं लांबलेलं असलं की साखर चढत नाही, उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात. दुपारी वैनींच्या हातातून वाटी पडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लक्ष खंय आसा तुजा?"

वैनींनी बोट पुढे केलं, हात स्वच्छ धुतलेले. आप्पांनी पट्ट्यांची डबी हलवली. रिकामी होती.

"बायल माणसाक काय होता?" आप्पा हसत म्हणाले आणि तपकिरीची डबी काढली. सगळे हसले. वैनी पण हसल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. सणात तब्येत सांभाळा म्हणून मुंबईहून निघताना मला ज्यांनी ज्यांनी बजावलं, त्यांतल्या एकालाही वैनींचा फोन नंबर माहीत नाही.

उद्या गौरी जेवतात. आप्पांनी कणकवलीहून पट्ट्यांची नवीन डबी मागवली आहे. पहिली पट्टी वैनींची, आणि त्याही पहिल्या पंगतीला बसणार, असं मी सकाळीच जाऊन सांगून आलो. आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ता मागसून. आदी तुजी. काल चोरून काय खाल्लंस ता कळाक होया."