मातकट नाकतोडा म्हणजे टोळ नव्हे

पाऊस सरत आला की सोलापुरात तोच मेसेज फिरू लागतो: ‘नान्नजच्या माळावर दोनच जातीचे नाकतोडे, हिरवे आणि मातकट. मातकट ते टोळधाडीतले. पंख अर्धवट असलेली त्यांची पिल्लं, दिसली की फवारा. शंका आली तर फोटो काढा, ॲप जात सांगतं.’

रंगापासूनच घोळ सुरू होतो. लांबुडक्या डोक्याचा ॲक्रिडा हिरवाही असतो नि मातकटही, जात एकच. शिवाय मेलेला हिरवा नाकतोडा सुकताना पिवळट पडतो, म्हणून रंग जिवंतपणीच लिहून ठेवावा.

टोळ ओळखायचा तर किडा उताणा करा. वाळवंटी टोळाच्या पुढच्या दोन पायांमध्ये, छातीवर, बोथट खुंटी असते. ॲक्रिडाला ती नसते. पण खुंटी दिसली म्हणून लगेच टोळ ठरवू नका, इतर काही नाकतोड्यांनाही ती असते. आणि मे 2020 मध्ये विदर्भात उतरलेली धाड राजस्थानकडून आली होती, आपल्या माळावर वाढलेली नव्हती.

‘पिल्लं’ हा तर मोठाच गोंधळ. ढेकळाला चिकटून बसणाऱ्या खडबडीत क्रोटोगोनसचे पंख पूर्ण वाढ झाल्यावरही आखूड असू शकतात. भिंगातून बघा: मोठ्या पिल्लात मागच्या पंखाची कळी पुढच्या कळीवर चढलेली असते, प्रौढात पुढचा पंख वर. जून-जुलैत बहुतेक पिल्लंच सापडतात, त्यांची जात ठरवणं अवघड. पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी.

पाठीचा फोटो बहुतेक वेळा जातीपर्यंत नेत नाही. मागच्या पंखाचा रंग, छातीची खालची बाजू, नराच्या पोटाचं टोक, हे सगळं हवं. नमुन्याला टाचणी छातीच्या ढालीत (डोक्यामागच्या कडक पाठीत), मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. डावे पंख उघडून सुकवायचे. मोठ्या मादीचं आतडं काढून कापूस भरला नाही तर ती कुजून काळी पडते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव.

दव वाळल्यावरच जाळी मारा, ओल्या जाळीत पंख चिकटून फाटतात. पाहणीच्या प्रत्येक पट्ट्यात जाळीचे फटके तेवढेच, समजा 50, नाहीतर तुलना होत नाही. क्रोटोगोनस जाळीत क्वचितच येतो, तो हातानेच वेचायचा. नि रुईवरचा पिवळा-निळा पट्टेरी नाकतोडा विसरू नका, त्याच्यासाठी रुईची झुडपं वेगळी तपासावी लागतात. हिरवा की मातकट, या हिशोबात तो बसतच नाही.

फवारणी? नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नाकतोडे हे पक्ष्यांचं खाद्य आहे, आणि तिथे नमुनेसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाहीत.