सहा आठवड्यांत तीन इंच? आधी गणित करा

पाय लांब करायच्या ऑपरेशनबद्दलचा एक मजकूर सध्या पेशंटच्या फोनवरून फिरून फिरून माझ्यापर्यंत येतोय. दावा थोडक्यात असा: 'ऑपरेशनआधी तीन महिने जिममध्ये पाय कमवा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरपूर घ्या. सहा आठवड्यांत तीन इंच उंची वाढते, चौथ्या महिन्यात क्रिकेट खेळता येतं. आता नवीन रॉड आलेत, दुसऱ्या दिवसापासून पूर्ण भार देऊन चाला.' मी फिजिओथेरपिस्ट आहे. असं वाचून आलेल्या माणसाला ऑपरेशननंतर समजावत बसायचं काम आमच्याच वाट्याला येतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सहा आठवडे आणि तीन इंच. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. या ऑपरेशनमध्ये हाड कापून त्याची दोन टोकं हळूहळू दूर ताणतात, म्हणजे मधल्या जागेत नवं हाड धरतं. कापल्यावर पहिले पाच-सात दिवस काहीच ताणत नाहीत, कापलेल्या जागी भरून यायला सुरुवात होऊ देतात. मग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि तोही पाव-पाव करून चार वेळा. सहा आठवड्यांतून पहिला आठवडा वजा केला की उरतात ३५ दिवस. म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, दीड इंचही भरत नाही. हा वेग कुणाच्या मर्जीवर ठरलेला नाही. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये ही पद्धत बसवणारे सर्जन गव्रील इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बघितलं होतं: दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड मुदतीआधीच जुळून बसायचं, दोन मिलिमीटर ताणलं तर मधल्या जागेत नीट हाडच धरायचं नाही. कमावलेल्या मांड्यांनी या वेगात काडीचाही फरक पडत नाही.

आणि ताणणं संपलं म्हणजे काम संपलं असंही नाही. मधे तयार झालेलं हाड कोवळं असतं, ते टणक व्हायला ताणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ढोबळ हिशेब म्हणून सेंटीमीटरमागे एकूण महिना-सव्वा महिना धरा. पाच सेंटीमीटर वाढवायचे तर पाच-सहा महिने गेलेच. चौथ्या महिन्यातलं क्रिकेट टीव्हीवर बघायचं.

आता जिम. सगळ्यांचं लक्ष हाडावर असतं, पण हाड बिचारं नवं तयार होतं. स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि नसा मात्र आहेत तेवढ्याच ओढल्या जातात, खरा त्रास तिथून सुरू होतो. नडगी लांबवली की पोटरी आणि टाचेमागचा कंडरा आवळतो, टाच जमिनीला टेकेनाशी होते, माणूस चवड्यावर चालायला लागतो. मांडी लांबवली की गुडघा वाकायला कुरकुरतो. मग सर्जनना ताणण्याचा वेग कमी करावा लागतो, कधी थांबवावंच लागतं. त्यामुळे आधीचे महिने स्क्वॉटचं वजन वाढवण्यात घालवण्यापेक्षा पोटऱ्या, मांडीची पुढची-मागची बाजू आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत जाणारी बाहेरची पट्टी सैल करण्यात घालवा. ताकद हवी, पण ती हात आणि खांद्यांत, कारण पुढचे कित्येक आठवडे अंगाचा भार वॉकरवर नाहीतर कुबड्यांवर असतो. कुबड्या घेऊन जिना कसा चढायचा हे ऑपरेशनआधीच शिकून घ्या. घरात खाली बसायचा संडास असेल तर कमोडच्या खुर्चीची सोयही तेव्हाच बघा. या गोष्टींचं रील कुणी करत नाही.

एक गोष्ट मी घरोघरी बघते. पेशंट पलंगावर, आणि आईने मायेने गुडघ्याखाली ठेवलेली जाड उशी. आराम वाटतो, नाही कशाला म्हणा. पण तासन् तास तसा पडलेला गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि नंतर सरळ करताना पेशंट घर डोक्यावर घेतो. उशी काढा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली मोकळा राहू दे, मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा. सर्जननी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसातून अनेकदा.

'भरपूर' कॅल्शियम आणि डी. व्हिटॅमिन डी कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं, तेव्हा आधी रक्त तपासून कमतरता भरून काढणं योग्यच. पण ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची आहे, रोजची नाही. मनाने घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. हिमोग्लोबिनही त्याच वेळी तपासून घ्या.

या मजकुरात तंबाखूचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. निकोटिनमुळे हाड भरून यायला उशीर होतो, कधी ते जुळतच नाही. 'मी सिगारेट ओढत नाही' म्हणणाऱ्याच्या खिशात गुटख्याची पुडी निघते आणि मिश्री तर कुणी व्यसनात धरतच नाही. निकोटिन सगळ्यांत आहे. ऑपरेशनच्या किमान महिना-दीड महिना आधी बंद, आणि हाड पक्कं होईपर्यंत बंदच. दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून खाऊ नका. हाड भरण्यात अडथळा येऊ शकतो म्हणून बरेच सर्जन ती टाळायला सांगतात.

राहिला नवीन रॉड. हाडाच्या आत बसणारे, बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे रॉड आहेत आणि पायाभोवती बाहेरून बसवायच्या, तारांनी हाडाला धरलेल्या रिंगपेक्षा ते सुसह्य आहेत, हे खरं. पण लांबवण्याच्या काळात त्यांच्यावर भार मर्यादितच द्यायचा असतो. पूर्ण भार पेलणारा म्हणून आलेला स्ट्राइड नावाचा रॉड गंज आणि आजूबाजूच्या हाडात दिसलेल्या बदलांमुळे २०२१ मध्ये कंपनीने मागे घेतला. तुमच्या पायाला किती किलो चालतील हे सर्जन एक्स-रे बघून सांगतात. दर वेळी तो आकडा विचारून घ्या आणि घरी वजनकाट्यावर तो पाय ठेवून, काटा तिथपर्यंत जाईल एवढंच दाबून बघा. वीस किलो म्हणजे पायाला नेमकं किती, हे अंदाजाने कळत नाही.