‘कॉम्प्रेसर बाहेर काढला की तापायचा प्रश्न मिटतो’ हे खरं नाही

उन्हाळा तोंडावर आला की मेन्टेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. रूममध्ये कॉम्प्रेसर (कारखान्यातल्या यंत्रांना दाबाची हवा पुरवणारं मशीन) तापून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो ना? मग बाहेर काढा, वर पत्रा टाका. मोकळ्यावर वारा आहेच, गरम हवा बाहेर नेणाऱ्या डक्टचा खर्च वाचतो, फारच तापला तर कूलरवर, म्हणजे मशीनच्या रेडिएटरवर, पाणी मारा. हा सल्ला ऐकून मशीन हलवलेल्यांचा एप्रिल-मे रिसेटचं बटण दाबण्यात जातो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

मुळात उष्णता किती, ते आधी बघू. एअर-कूल्ड, म्हणजे पंख्याच्या हवेने थंड होणारा, स्क्रू कॉम्प्रेसर जी वीज खातो, तिचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णता होऊन कूलरमधून बाहेर पडतो. 75 किलोवॉटचं मशीन फुल लोडवर साधारण 70 किलोवॉट उष्णता फेकतं, म्हणजे दोन-दोन किलोवॉटचे 35 हीटर एका जागी लावल्यासारखं. हवा 20 अंशांनी तापू द्यायची म्हटली, तरी ही उष्णता वाहून न्यायला तासाला सुमारे 11,000 घनमीटर हवा लागते. मशीन आत असो की बाहेर, या आकड्यात फरक पडत नाही.

‘मोकळ्यावर वारा आहेच.’ आहे, पण कुठल्या बाजूचा? बहुतेक मशीनची गरम हवा वरून निघते. डोक्यावर तीन-चार फुटांवर पत्रा असला की ती त्याला आपटून पसरते. त्यात पाइप कमी लागावा म्हणून मशीन कारखान्याच्या भिंतीलगत ठेवलेलं असतं, मग वाऱ्याची झुळूक ती हवा दाबून पुन्हा सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या, जाळीवर आणून सोडते. नागपूरजवळच्या बुटीबोरीत मे महिन्याच्या दुपारी बाहेर 44 अंश आहेत असं धरा. आत जाणाऱ्या हवेत फक्त पाचवा हिस्सा परतलेली गरम हवा मिसळली, तरी जाळीवर 49 अंश होतात. बरीचशी मशीन 45-46 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात, त्यापुढे ट्रिप ठरलेला. ट्रिप नाही झाला तरी ऑइलचं आयुष्य घटतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं, असा आमच्याकडचा ठोकताळा आहे. शिवाय सक्शनची हवा 10 अंशांनी तापली की ती विरळ होते आणि तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे तीन टक्के कमी हवा मिळते.

हे तपासायला मोबाइलवरचं हवामान बघून उपयोग नाही. दुपारी, मशीन लोडवर असताना, थर्मामीटर थेट सक्शनच्या जाळीत धरा आणि दुसरं रीडिंग मशीनपासून लांब सावलीत घ्या. दोन्हींत तीन अंशांहून जास्त फरक दिसला तर गरम हवा परत येतेय.

‘डक्टचा खर्च वाचतो.’ उलट डक्ट बाहेरच जास्त लागतो. पत्र्याला भोक पाडून गरम हवा शेडच्या वर नेऊन सोडायची, पावसासाठी तोंडाला वाकडा बेंड किंवा टोपी, पक्ष्यांसाठी जाळी. डक्टचं तोंड मशीनच्या आउटलेटपेक्षा लहान नको, कारण मशीनच्या पंख्यात फार दाब सहन करायची ताकद नसते. लांबी वाढली तर वेगळा एक्झॉस्ट फॅन घ्या. आणि सर्व्हिसला डक्ट सुटेल असा बसवा, नाहीतर कूलर कधीच साफ होणार नाही.

पाणी मारण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. त्या दिवशी तापमान उतरतं, हे खरं. पण बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या गरम फिनवर (पातळ पत्र्यांवर) ते उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात. इचलकरंजीसारख्या गावात हवेच्या झोताने विणणाऱ्या एअरजेट लूमसाठी कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतात आणि हवेत कापसाचे तंतू असतात. ते ओल्या फिनवर चिकटून त्यांचा थर तयार होतो, वाळला की नुसत्या हवेने निघत नाही. पुढच्या आठवड्यात मशीन आधीपेक्षा जास्त तापतं आणि आणखी पाणी मारलं जातं. मोटर आणि पॅनेलवर उडणारं पाणी वेगळंच. मशीन बंद करून, सप्लाय काढून, कोरड्या हवेने हवेच्या उलट दिशेने कूलर साफ करणं हाच रोजचा मार्ग.

दाबाच्या हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचा तर त्या मेसेजमध्ये उल्लेखच नसतो. तोही एअर-कूल्ड असेल आणि कॉम्प्रेसरच्या गरम झोतात ठेवला असेल, तर त्याची क्षमता घसरते आणि लाइनमधून पाणी थेट व्हॉल्व्ह-सिलिंडरपर्यंत पोचतं. जागा ठरवताना ड्रायर सक्शनच्या बाजूला, झोतापासून दूर ठेवा.