आठ जणांनी बेसबॉल होत नाही

फॉरफिट, म्हणजे न खेळताच सामना समोरच्यांना बहाल. नियमाने ९–०. सीझनचा शेवटचा सामना, जिंकलो असतो तर थेट प्लेऑफमध्ये, आणि एकही बॉल न टाकता, एकही बॅट न फिरवता आपण हरलो. कारण मैदानावर आठ जण होते आणि नववा 'निघालोय' म्हणत होता.

काल सकाळपासून डोकं तापलंय. झोपून उठलो तरी उतरलेलं नाही.

आदल्या रात्री ग्रुपवर साधा प्रश्न टाकला होता, उद्या कोण कोण येतंय. बारा अंगठे आले. बारा जणांची लाइनअप लावत मी रात्री उशिरापर्यंत बसलो. चौथ्या इनिंगनंतर कुणाला बाहेर काढायचं, कुणाला आत घ्यायचं, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी बॅटिंग मिळेल. सकाळी उठून बघतो तर एकाची पाठ धरलेली. ठीक आहे, पाठ धरते, माझीही धरते. दुसऱ्याकडे पाहुणे. हे पाहुणे काय मध्यरात्री आकाशातून पडले? आणि तिसरा तर कमालच. त्याने काही कळवलंच नाही, मेसेजवर दिलेला अंगठा गुपचूप काढून घेतला. कुणाला दिसणार नाही असं वाटलं असेल. मला दिसलं. मी कॅचर आहे, बॅटरच्या मागे बसून पिचरने फेकलेला बॉल पकडणारा, आणि सगळं मैदान समोर ठेवून बघत बसणं हेच माझं काम आहे.

म्हणजे राहिले नऊ. नऊ पुरतात. नऊ जणांत आपण या सीझनमध्ये चांगले सामने काढलेत. आणि हा नववा, आपला राइट फील्डर, म्हणजे उजवीकडे लांब उभा राहणारा, मैदानापासून सगळ्यात जवळ राहतो. चालत आला असता तरी पोचला असता!

पहिला फोन केला, 'निघालोय.' दुसरा केला, 'सिग्नलला आहे, आलोच.' तिसरा फोन उचललाच नाही, आणि तिथेच मला कळायला हवं होतं की हा माणूस अजून घरात मोजे शोधतोय. दरम्यान अंपायर होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे आले, दोन्ही कॅप्टनकडून लाइनअप कार्डं घेतली. आमच्या कार्डावर नऊ नावं, डगआऊटमध्ये, म्हणजे आमच्या बाकांवर, आठ डोकी. त्यांनी मोजली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, येतोय, वाटेत आहे.

नियमात काही लपवाछपवी नाही. ठरलेल्या वेळी अंपायरने 'प्ले' म्हटलं की पाच मिनिटांत मैदानात उतरायचं, आणि नऊ खेळाडू उभे करता आले नाहीत तर सामना समोरच्यांना. त्यातून आपण होम टीम, म्हणजे आधी फील्डिंग आपली. काही लीग आठ जणांवर सुरुवात करू देतात, नवव्याच्या पाळीला आपोआप आऊट धरतात. आपली लीग देत नाही, आणि हे सीझनच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. राइट फील्डरची मान तर सगळ्यात जोरात डोलत होती.

आणि त्या पाच मिनिटांत आपला पिचर माउंडवर, बॉल फेकायच्या त्या मातीच्या उंचवट्यावर, उभा होता. या माणसाने या एका सामन्यासाठी आठवडाभर खांदा जपला. ऑफिसातून येऊन रोज रबर बँडचे व्यायाम केले, बर्फ लावला, मला फोन करून समोरच्यांच्या एकेका बॅटरबद्दल विचारलं. हा आत टाकला की मागे सरतो, तो पहिल्याच बॉलवर बॅट फिरवतो, असं सगळं आम्ही बोलून ठेवलं होतं. कडेला वॉर्म अप केला तेव्हा त्याचा कर्व्ह, वळून खाली पडणारा बॉल, असा तुटत होता की मला मिट, म्हणजे कॅचरचा ग्लोव्ह, खाली नेताना मजा येत होती. असा दिवस पिचरला सारखा सारखा येत नाही, आणि आपल्यासारख्या नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांना तर अजिबात येत नाही. तो दिवस वाया गेला. तो कुणाला एक शब्द बोलला नाही. म्हणून मी बोलतोय.

अंपायरवर माझा राग नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण सीझनभर त्यांच्या स्ट्राइक झोनवर, म्हणजे बॉल कुठून गेला की स्ट्राइक धरायचा त्यावर, मी बरंच बोललोय. खालच्या बॉलला ते स्ट्राइक देतच नाहीत, गुडघ्याच्या वर चार बोटं गेला तरी 'बॉल'. पण काल ते बरोबर होते. आमच्यानंतर त्याच मैदानावर दुसरा सामना होता. समोरची टीम तर थांबायला तयार होती. त्यांनाही खेळायचं होतं. तेही रविवारची झोप मोडून, बॅगा उचलून आले होते. फुकट मिळालेल्या विजयाचं त्यांनी काय करायचं? त्यांच्या पिचरला इनिंग मिळाल्या नाहीत, त्यांच्या पोरांना बॅटिंग मिळाली नाही. एक माणूस उठला नाही आणि दोन्ही टीमची सकाळ बुडाली.

शेवटी वेळ होता तेवढा मैत्रीचा सामना खेळलो, त्यांच्याच बेंचवरचा एक जण आमच्याकडे राइट फील्डला उभा राहिला. अनोळखी पोरगा, स्वतःच्या टीमविरुद्ध उभा राहिला आणि लाइनवरचा एक बॉल धावत जाऊन पकडला. तिसरी इनिंग चालू असताना आमचे साहेब उगवले. गॉगल टोपीवर, बॅग खांद्यावर, बुटाच्या नाड्या सुटलेल्या. डगआऊटमध्ये आले, बेंचवर टेकले आणि मला विचारलं,

"मी कितव्या नंबरवर आहे?"

मी मास्क घातलेला होता म्हणून बरं झालं.

"ट्रॅफिक होतं रे." रविवारी सकाळी. तेवढ्या अंतरात. आणि सामना फॉरफिट झालाय हे कळल्यावर म्हणतो, "एवढं काय त्यात, आठ जणांनी खेळून घ्यायचं ना."

एवढं काय त्यात! अरे, राइट फील्डर म्हणजे काय शोभेला उभा असतो? शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) उचलून पहिल्या बेसकडे फेकतो तेव्हा प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, राइट फील्डरने पळत पहिल्या बेसच्या मागे यायचं असतं. थ्रो वाकडा गेला की मागे तो हवा. शंभरातले नव्वद वेळा त्याचा काही उपयोग होत नाही, हेच त्या जागेचं काम आहे. आणि तो आला नाही की कोण पळतं? मी. छातीवर प्रोटेक्टर, पायाला शिन गार्ड, एवढं अंगावर घेऊन होम प्लेटपासून पहिल्या बेसच्या मागेपर्यंत नव्वद फूट. सीझनभर पळालोय. माझे गुडघे मला त्याचा हिशोब रोज सकाळी जिना उतरताना देतात.

अमेरिकेच्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये शेवटचा फॉरफिट कधी झाला? १० ऑगस्ट १९९५, लॉस एंजेलिस. प्रेक्षकांना स्टेडियममध्ये येताना बॉल भेट दिले होते आणि त्यांनी ते मैदानात भिरकावले, पुन्हा पुन्हा, म्हणून डॉजर्सनी सामना कार्डिनल्सना गमावला. त्याआधी १९७९ मध्ये शिकागोत दोन सामन्यांच्या मधे डिस्को गाण्यांच्या रेकॉर्ड मैदानात स्फोट करून उडवल्या, लोक आत घुसले, मैदानाची चाळण झाली, दुसरा सामना गेला. म्हणजे तिथे फॉरफिट व्हायला दंगल लागते. आपल्याकडे एक गजर न लावलेला फोन पुरतो.

आणि सगळ्यात जास्त काय डाचतंय सांगू? सामना सुरूच झाला नाही म्हणून स्कोअरबुकात काही लिहायचं नसतं. नियमच तसा आहे, फॉरफिट एवढीच नोंद, कुणाच्या खात्यात काही नाही. मी हे बुक पहिल्या सामन्यापासून लिहितोय. ६-४-३ चा (शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस) प्रत्येक डबल प्ले, बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर आऊट झालेल्याचा प्रत्येक उलटा के. शेवटच्या सामन्याचं पान आठवडाभर आधी आखून ठेवलं होतं, नावं पेन्सिलने घातली होती. ते पान तसंच आहे.

आता विषय निघालाच आहे तर बाकीचंही ऐका.

ग्राउंडर मारून पहिल्या बेसकडे चालत जाणाऱ्यांनो. नव्वद फूट आहेत. पळा. आपल्या पातळीवर इन्फिल्डर किती बॉल सोडतात ते तुम्हाला माहीत नाही का? तुम्ही स्वतःच तर सोडता! मागच्या महिन्यात दुसऱ्या बेसमनच्या हातातून बॉल निसटला, त्याने तो शोधला, उचलला, वळला, फेकला, तरी आपला माणूस आऊट. कारण तो अर्ध्या वाटेतून डगआऊटकडे वळला होता.

तिसरा स्ट्राइक कॅचरने सोडला आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आऊट असतील, तर पळता येतं हे तुम्हाला किती वेळा ओरडून सांगायचं? सगळी बेंच 'पळ, पळ' ओरडतेय आणि हा माणूस अंपायरशी झोनवर वाद घालतोय. आणि 'टाय झाला की रनर सेफ' असं म्हणत माझ्याकडे येऊ नका. असं कुठेही लिहिलेलं नाही. बॉल आधी की पाय आधी, अंपायरने एक काहीतरी ठरवायचं असतं, आणि तो ते ठरवतो.

शॉर्टस्टॉप. प्रत्येकाला शॉर्टस्टॉप व्हायचंय. नवीन माणूस आला की विचारतो, शॉर्टला जागा आहे का? कॅचरला जागा आहे का असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. एकानेही नाही.

पिचिंगचा हट्ट धरणारे वेगळेच. आठवडाभर बॉलला हात नाही, आणि रविवारी आल्या आल्या पूर्ण जोरात कर्व्ह टाकायचा. मग कोपर धरून बसायचं. डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा टेंडन बसवला, तेव्हापासून लोकांना वाटतं कोपर म्हणजे बदलायचा पार्ट. टॉमी जॉनला माउंडवर परत यायला १९७६ उजाडलं. आणि तो व्यावसायिक होता, ते त्याचं काम होतं. तुम्हाला सोमवारी कीबोर्डवर हात चालवायचाय. आधी हळू फेका, मग लांब फेका, मग माउंडवर जा. मी मिट घेऊन उभा राहायला तयार असतो, वेळेच्या अर्धा तास आधी. येतं कोण?

सामन्यानंतर मैदान कोण सारखं करतं? माउंडवर पिचरचा पाय पडून पडून खड्डा होतो, बॅटर्स बॉक्सची माती उकरली जाते. ती भरली नाही, दाबली नाही, तर पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी घोटा जाणार. दाताळं हातात घ्यायची वेळ आली की सगळ्यांना एकाच क्षणी घरचं काम आठवतं. ठरलेले तीन जण राहतात. तेच तीन जण, जे सामन्याआधी बेस आणून बसवतात, आणि योगायोग बघा, अंपायरचे पैसे वेळेवर देणारेही तेच तिघे.

आणि तो पावसाचा सामना. पुढे होतो आपण, चार इनिंग झाल्या होत्या. पाच झाल्या की निकाल अधिकृत. आपण होम टीम, आघाडीवर, म्हणजे त्यांची पाचवी बॅटिंग संपली असती तरी पुरलं असतं. तीन आऊट हवे होते फक्त. ढग दिसत होते, सगळ्यांना दिसत होते, आणि आपला लेफ्ट फील्डर इनिंगच्या मधे फोनवर बोलत डगआऊटमागे गेला तो आलाच नाही. त्याला शोधून आणेपर्यंत पहिले थेंब पडले. सामना रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा खेळलो तेव्हा हरलो. तो एक विजय हातात असता तर काल प्लेऑफसाठी इतकं अडकलंच नसतं. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

लोक म्हणतात, अरे हौशी लीग आहे, एवढं मनाला काय लावून घेतोस. हौशी आहे म्हणूनच! पगार मिळत असता तर पगारासाठी आले असते. इथे येण्याचं कारण एकच, की खेळायचं आहे. पस्तिशी-चाळिशीनंतर माणसाला स्लाइड करून दुसरा बेस गाठायला किती जागा उरतात जगात? मला बॉल मिटमध्ये पडतानाचा आवाज आवडतो. दोन आऊट, तिसऱ्या बेसवर रनर, पूर्ण काउंट म्हणजे तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि मी बाहेरच्या कोपऱ्यावर मिट धरलाय, पिचरने मान हलवली. त्यासाठी मी आठवडा काढतो. मला हे कमी वाटत नाही आणि कुणी ते कमी लेखलं तर मला चालत नाही.

तर पुढच्या सीझनच्या नोंदणीसाठी मी आत्ताच सांगतोय, आणि मी कॅप्टन असेन तर हे असंच होईल. आदल्या रात्री नऊपर्यंत हो किंवा नाही. नाही म्हणा, खुशाल म्हणा, मी कारण विचारणार नाही. नाही म्हणणाऱ्याच्या जागी मला दुसरा माणूस शोधता येतो. हो म्हणून जो आला नाही, तो पुढचे दोन सामने बाहेर, मग त्याची बॅटिंग कितीही भारी असो. वेळेच्या वीस मिनिटं आधी जो डगआऊटमध्ये आहे त्याचंच नाव कार्डावर. काल त्यांच्या बेंचवरून जो पोरगा आमच्याकडे येऊन राइट फील्डला उभा राहिला, त्याचा नंबर मी घेतला आहे. पुढच्या वर्षी त्याला त्याच्या टीममध्ये रोज जागा मिळणार नसेल तर आपल्याकडे मिळेल. राइट फील्डला. ती जागा रिकामी झाली आहे.