एकवीस पोळ्या

"ते सगळं ठीक आहे वहिनी, पण जेवायला काय करणार?"

हा प्रश्न मला 15 सप्टेंबरला सोसायटीच्या हॉलमध्ये, माइकवरून, साठ-सत्तर माणसांसमोर विचारला गेला. आज चौथा दिवस. अजून घशाखाली उतरलेला नाही.

अभियंता दिन होता. आमच्या सोसायटीत 40 फ्लॅट आणि 53 इंजिनिअर आहेत. लिफ्ट अकरा दिवस बंद आहे. कमिटीने खेळ ठेवला: जगातले कुठलेही तीन इंजिनिअर घरी जेवायला बोलवा आणि का ते सांगा.

माझ्याआधी नऊजण बोलले. नवांनीही विश्वेश्वरय्यांना बोलावलं. वाढदिवस त्यांचा, शिकले पुण्यात, खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले, हे सगळं मान्य. (त्याच धरणाचं पाणी आम्हाला सकाळी पाऊण तास येतं, त्यात त्यांचा दोष नाही.) पण एका माणसाने एका रात्री नऊ घरी जेवायचं म्हणजे काय? दोघांनी श्रीधरनना बोलावलं. 1964 च्या वादळात मोडलेला पांबनचा पूल ज्यांनी 46 दिवसांत पुन्हा चालू केला, ते आलेच आहेत तर लिफ्टही बघून जातील, असा हेतू असावा. या नवांपैकी एकालाही कोणी मेन्यू विचारला नाही. त्यातल्या एकाच्या घरी बायको माहेरी गेली की तिन्ही वेळा पोहे होतात, हे अख्ख्या विंगला माहीत आहे.

मग मी. मराठी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून जरा जास्तच तयारी करून गेलेली. पहिली पाहुणी एमिली रोब्लिंग. न्यूयॉर्कमधला ब्रुकलिनचा पूल बांधताना मुख्य अभियंता असलेल्या नवऱ्याने अंथरूण धरलं, तेव्हा दहाएक वर्षं साइटवरचा कारभार हिने ओढला आणि 1883 मध्ये मांडीवर जिवंत कोंबडा घेऊन घोडागाडीतून सगळ्यांच्या आधी पूल ओलांडला. दुसरे इसंबार्ड ब्रुनेल, इंग्लंडमध्ये रेल्वे आणि पूल बांधणारे. या थोर माणसाने 1843 मध्ये मुलांना जादू दाखवताना सोन्याचं नाणं गिळलं आणि ते बाहेर काढायला त्यांना फळीला बांधून उलटं करून हलवावं लागलं. जेवणानंतर मुलांना रमवायला याहून चांगला पाहुणा मिळणार नाही. तिसऱ्या ए. ललिता. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी, आणि 1943 मध्ये मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी. या 1964 मध्ये स्त्री-अभियंत्यांच्या परिषदेला न्यूयॉर्कला गेल्या होत्या. म्हणजे त्यांना आणि एमिलीबाईंना बोलायला विषयही तयार.

आता काका. सार्वजनिक बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त. किल्ल्यांच्या जुडग्याला मोजपट्टी लावलेली. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारून पाहतात, चहा मागाहून.

"पहिल्या बाईंची डिग्री?"

"नव्हती."

"मग बाद."

"ब्रुनेलला तरी कुठे होती?"

"त्यांचं वेगळं."

काय वेगळं ते सांगितलं नाही. ललिताबाईंना मात्र "इलेक्ट्रिकल ना, चालेल" असं म्हणून मंजुरी दिली, आणि मग तो प्रश्न. मी हसून विषय टाळायला गेले, तर त्यांनी खिशातून पेन काढलं.

"एमिलीबाई राहू देत, प्रोव्हिजनल. पाहुणे तीन, तुम्ही दोघं, झाले पाच. माणशी चार पोळ्या, वीस. त्यावर पाच टक्के कंटिन्जन्सी, एक. एकवीस. तांदूळ?"

"अडीच वाट्या," हे आमचे हे. पहिल्या रांगेतून. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तांदळाचं माप यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि कोंबडा? तो पाहुण्यांत धरायचा की मटेरियलमध्ये?"

हॉल कोसळला. मीसुद्धा हसले, कारण प्रश्न चांगला होता. राग त्याचाच येतो. त्या हशात माझ्या ललिताबाई, त्यांची मुलगी, भाक्रा प्रकल्पासाठी त्यांनी केलेलं काम, सगळं वाहून गेलं आणि उरल्या एकवीस पोळ्या. घरी येऊन ह्यांना विचारलं, तुम्ही मध्ये का बोललात? तर म्हणाले, "अगं, माप बरोबर होतं ना?" होतं. रात्री भात मीच लावला. त्याच मापाने.

पहिलं बक्षीस विश्वेश्वरय्यांना बोलावणाऱ्या सातव्या माणसाला मिळालं. मला उत्तेजनार्थ. काय मिळालं ते सांगत नाही, पण त्याला झाकण आहे आणि त्यात पोळ्या गरम राहतात.

आज सकाळी जिन्यात काका भेटले. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून दम खात होते. हातातली दुधाची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, परवापासून डोक्यात आहे. पूल ओलांडल्यावर त्या कोंबड्याचं काय झालं हो?"

"आधी डिग्री दाखवा," असं म्हणून मी चौथा मजला चढले.