लू ब्लूमचं फुटेज विकत घेणारी नीना

'नाइटक्रॉलर' या हॉलिवूडच्या सिनेमाचा विषय निघाला की बोलणं त्यातला नट जेक जिलेनहालच्या डोळ्यांपाशी येऊन अडकतं. खप्पड गाल, पापणी न लवणारी नजर, पाठ केल्यासारखी मॅनेजमेंटची भाषा. वजन उतरवून त्याने उभा केलेला लू ब्लूम अंगावर येतोच. पण माझ्या मते या सिनेमातला सगळ्यात काळा प्रसंग लूचा नाही, त्याचं फुटेज टीव्हीच्या बातम्यांसाठी विकत घेणाऱ्या नीनाचा आहे. (सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा. पुढे कथा उघड केली आहे.)

लॉस एंजेलिसमध्ये तारेची कुंपणं चोरून भंगारात विकणारा लू एका रात्री हायवेवर अपघाताचं शूटिंग चाललेलं पाहतो. हे सकाळच्या बातम्यांना विकलं जातं म्हटल्यावर तो चोरलेली सायकल देऊन कॅमेरा आणि पोलिसांचा वायरलेस ऐकायचा स्कॅनर मिळवतो. तिकडे हा धंदा खरोखरच चालतो. कुठल्याही चॅनेलच्या पगारावर नसलेले कॅमेरावाले रात्रभर स्कॅनर लावून फिरतात आणि मिळेल ते चित्रण विकतात.

लू यात तयार होत जातो. गोळीबार झालेल्या एका घरात शिरतो, तर फ्रिजवर गोळ्यांची भोकं दिसतात. तो दारावरचे कुटुंबाचे फोटो काढून भोकांच्या जवळ लावतो. फ्रेम जमली! पुढे एका अपघातात मृतदेहच ओढून हेडलाइटच्या उजेडात आणतो. हे पाहताना आपण म्हणतो, काय राक्षस आहे हा. आणि तिथेच आपली सुटका होते, कारण आपण काही लू नाही.

नीना मात्र तशी सुटका देत नाही. रेने रुसोने साकारलेली ही बाई पहाटेच्या बातम्यांची प्रमुख आहे, हुशार आहे, नोकरी टिकेल की नाही या धास्तीत आहे. लूला ती पहिल्याच भेटीत मागणी सांगून टाकते: शहरातली गुन्हेगारी सुखवस्तू उपनगरांत शिरतेय, असं दिसलं पाहिजे. बळी शक्यतो श्रीमंत आणि गोरे, मारणारे गरीब किंवा अल्पसंख्याक. म्हणजे बातमी आधीच ठरलेली, लूने फक्त तिला लागणारं रक्त आणून द्यायचं.

मग ग्रॅनडा हिल्स या उपनगरातलं हत्याकांड होतं. पोलिसांच्या आधी घरात शिरून लूने काढलेलं फुटेज प्रक्षेपित होत असताना नीना इअरपीसमधून अँकरना काय बोलायचं, काय पुन्हा पुन्हा म्हणायचं, ते सांगत राहते. तो प्रसंग थरारक आहे. पण मी म्हणतोय तो त्यानंतरचा. त्या घरात अमली पदार्थांचा साठा होता, दरोडा त्यासाठीच पडला होता, हे उघड होतं. म्हणजे उपनगरातल्या सामान्य माणसाला घाबरायचं कारणच उरत नाही. फ्रँक नावाचा सहकारी नीनाला हे सांगतो. नीनाचं उत्तर असं की याने आपल्या बातमीचा जोर जातो. विषय संपला. एकही वाक्य खोटं न बोलता अख्खं शहर घाबरवून ठेवायचं, आणि त्यासाठी फक्त एक माहिती गाळायची. रक्ताचा थेंब नसलेला हा प्रसंग मला सगळ्यात भयानक वाटतो.

मुंबईकरांना हे परकं नाही. २६/११ ला कमांडोंच्या हालचाली लाइव्ह दाखवल्या जात होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. २०१२ च्या कसाब प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल इथे चालणार नाही असं बजावलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. बंदी आली ती योग्यच झालं. पण नियम काय दाखवू नये ते सांगतो. काय गाळलं गेलं, ते कोणताही नियम पकडू शकत नाही. ते पकडणारा माणूस न्यूजरूममध्येच असावा लागतो.

शेवटी लूला शिक्षा होत नाही, म्हणून अनेकांना शेवट खटकतो. मला तो पूर्णपणे पटला. स्वतःच्या मदतनिसाला खोटं सांगून मरणाच्या दारात ढकलणारा, त्याच्या शेवटच्या श्वासांवर कॅमेरा रोखणारा हा माणूस दोन नव्या गाड्या आणि नवी पोरं घेऊन धंदा वाढवतो. का नाही वाढवणार? गिऱ्हाईक जागेवरच आहे.

पत्रकारिता शिकवणाऱ्या मित्रांना कळकळीची विनंती: हा सिनेमा वर्गात जरूर दाखवा, पण चर्चा लूवर करू नका. लू कोणालाच व्हायचं नसतं. चर्चा फ्रँकवर करा. त्याला सगळं कळत होतं, तो बोललाही, आणि तरी ते बुलेटिन ठरल्याप्रमाणे गेलं. त्याच्या जागी आपण असतो तर आणखी काय करू शकलो असतो, हे पोरांना विचारा. नोकरी लागायच्या आधीच विचारा.